प्रार्थनेच्या यादीतला दौलतसिंग

दौलतसिंग मेला, हे आमच्या ह्यांनी मला बुटांना पॉलिश करता करता सांगितलं. गुरुवार होता. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. मी नुकतीच महिला सभेहून येऊन चपला काढत होते. हे ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून बसले होते, डाव्या हातात बूट, उजव्या हातात ब्रश. पेन्शनीवर येऊन दहा महिने झाले. आता परेड नाही, ड्यूटी नाही, तरी बूट रोज चमकतात आणि दाराच्या कोपऱ्यात टाचा जुळवून उभे राहतात. "दौलतसिंग मेला," हे म्हणाले. मी म्हटलं, "अरे देवा! कधी? पत्र आलं का कोणाचं?" ब्रश थांबला नाही. "एकात्तरच्या डिसेंबरात." मी एक चप्पल पायात आणि एक हातात अशी उभी राहिले. एकाहत्तरच्या डिसेंबरात म्हणजे चार वर्षं आणि वर दोन महिने. मला वाटलं, ह्यांचंच काही तरी चुकतंय. कारण मागच्या होळीला दौलतसिंगनं मेसच्या खिरीत साखर समजून मीठ टाकलं होतं आणि मोठ्या साहेबांनी ती निमूट खाल्ली होती, असं ह्यांचंच पत्र होतं. ते मी सभेत वाचून दाखवलं होतं. 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा' ह्या वचनावर मी पाऊण तास बोलले होते आणि बायका पदरात तोंड घालून हसल्या होत्या. मी म्हटलं, "पण होळीचं ते मिठाचं?" "ते मनानं लिवलं मी," हे म्हणाले. "त्याच्या मंगचंबी मनानंच लिवलं. सगळं." मग त्यांनी बूट उजेडाकडे धरला, बघितला, आणि पुन्हा घासायला घेतला.

माझं नाव सालोमी. वाशीमच्या शाळेत दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. दिवसभर पाढे आणि शुद्धलेखन, घरी आठवीतली लेक रूथ, आणि गुरुवारी चार वाजता गिरजामागच्या पत्र्याच्या खोलीत महिला सभा. दहाबारा बायका असतात. दवाखान्यातल्या दोघी नर्सबाई, एका ड्रायव्हरची बायको, ऐंशीच्या घरातल्या कमलीबाई, ज्यांना नीट ऐकू येत नाही पण जिथं हसायचं तिथं त्या बरोबर हसतात, आणि आमच्या बायबलबाई पंचफुलाबाई. बायबलबाई म्हणजे पिशवीत बायबल घालून घरोघरी जाऊन वचन वाचून दाखवणारी बाई. मंगरूळपीरपासून शिरपूरपर्यंत त्यांच्या पायाखालून न गेलेला रस्ता नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच मला साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघींत सांगायचं. मी काय सांगणार? कोणी आजारातून उठलेलं नव्हतं, कोणी दारू सोडलेली नव्हती. माझ्याजवळ होता फक्त लांब गेलेला एक फौजी नवरा. तेव्हा मी त्याचंच सांगितलं. पुढे जबलपूरला तीन वर्षं फॅमिली क्वार्टरमध्ये राहून आले आणि माझी शिदोरी वाढली. तिथं घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला असे. बाजेवर नंबर, स्टुलावर नंबर, संडासातल्या बादलीवरसुद्धा नंबर. क्वार्टर सोडताना एक नाईक यादी घेऊन येई आणि एकेक वस्तू मोजून परत घेई. आमच्या घरात खिडकीची एक कडी कमी निघाली तर हे रात्रीतून तापल्यासारखे झाले. मी सभेत सांगितलं, बायांनो, आपणही सगळ्या क्वार्टरात राहतो. एक दिवस यादी घेऊन येणारा येईल. आपली कडी कुठं हरवली आहे ते आजच बघून ठेवा. पंचफुलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नर्सबाई दोन आठवडे एकमेकींना 'तुही कडी कुठी हाय वो' म्हणत राहिल्या. तेव्हापासून माझं नाव झालं. मला ते आवडलं, हेही खरंच आहे. वर्गात चाळीस पोरं, घरी त्या असेपर्यंत सासूबाईंचा दमा, पण गुरुवारी तासभर मी बोलत होते आणि माणसं ऐकत होती.

दौलतसिंग जबलपूरचा. म्हणजे मूळचा बुंदीकडचा राजपूत, पण आमच्यासाठी जबलपूरचा. हे आणि तो जोडीनं तार ओढत. टेलिफोनची तार जमिनीवरून, झाडांवरून टाकत न्यायची, एकानं रीळ धरायचं आणि दुसऱ्यानं पुढे पळायचं. रीळ धरणारे हे आणि पळणारा तो. सहा फुटांचा, मिशा पिळलेल्या, आणि आवाज असा की आमच्या भिंतीवरचा आरसा हाले. मी केलेलं वांग्याचं भरीत खाऊन तो म्हणाला होता, "भाभी, ये सब्जी है कि सजा?" आणि मग तीन भाकरी त्याच भरताबरोबर खाल्ल्या. रूथला त्यानंच शिट्टी वाजवायला शिकवली आणि सलाम ठोकायला. वाशीमला आल्यावर गिरजात आमचे पाळकसाहेब रामराव आशीर्वाद द्यायला हात वर करून उभे राहिले तर ह्या चार वर्षांच्या पोरीनं त्यांना कडक सलाम ठोकला. अख्खी मंडळी डोळे मिटून होती म्हणून बरं. तीही एक साक्ष झालीच. दौलतसिंग हिंदू होता, चांदीचा देवीचा ताईत गळ्यात घालायचा, पण आमच्याकडे जेवायला बसला की ह्यांची प्रार्थना होईपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबायचा आणि आमेन सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. सभेतल्या बायकांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या त्याला भाऊ म्हणायच्या.

लढाई झाली तेव्हा आम्ही वाशीमला होतो. पंधरा दिवस पत्र नाही. पंचफुलाबाईंनी एका शाळकरी वहीत नवं पान उघडलं, वर लिहिलं 'फौजेतले भाऊ', आणि खाली दोन नावं घातली, आमच्या ह्यांचं आणि दौलतसिंगचं. सभेच्या शेवटी ती वही उघडायची, एकेक नाव वाचायचं आणि त्या नावासाठी कोणीतरी मोठ्यानं प्रार्थना करायची, अशी आमची रीत. जानेवारीत पत्र आलं. दोघं ठीक, थंडी फार, आणि खाली दौलतसिंगची एक गंमत. त्या दिवशी सभेत सगळ्या रडल्या आणि हसल्या. मग मी पत्रातून विचारू लागले. दौलतसिंगभाऊ कसे आहेत? त्यांचं काही लिहा, बायका विचारतात. आणि गमती येत गेल्या. दर पत्रात एक. दौलतसिंगनं खेचराला गाणं म्हणून दाखवलं. दौलतसिंगनं साहेबांच्या कुत्र्याला सलाम केला. तीन वर्षं मला गुरुवारी काय बोलायचं याची चिंता राहिली नाही. मागच्या एप्रिलमध्ये हे पेन्शनीवर घरी आले, तेव्हा सभेत स्तुतीचं गीत म्हटलं गेलं आणि पंचफुलाबाईंनी वहीतल्या ह्यांच्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. देवानं सुखरूप आणलं, काम झालं. खालचं नाव तसंच राहिलं. दौलतसिंगची नोकरी अजून बाकी होती ना. दर गुरुवारी आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करत राहिलो.

आज, म्हणजे त्या गुरुवारी, मी 'हजर'ची साक्ष सांगत होते. ती वर्षातून एकदा तरी सांगावीच लागते, बायकाच मागतात. गोष्ट साधी आहे. सकाळी हजेरी चालू आहे. आमच्या ह्यांचं पोट बिघडलं आहे आणि ते डबा घेऊन लांब शेतात बसले आहेत. इकडे हवालदार नाव पुकारतो. एकदा पुकारतो, दोनदा पुकारतो. गैरहजर राहिलं तर शिक्षा. तेवढ्यात मागच्या रांगेतून दौलतसिंग आवाज बदलून ओरडतो, "हजर, साब!" पुढे त्याचं स्वतःचं नाव येतं, तेव्हा तो पुन्हा स्वतःच्या आवाजात ओरडतो, "हजर, साब!" हवालदार वर बघतो आणि म्हणतो, हे दोघं एकाच मिशांचे कसे? आणि दौलतसिंगला रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या दहा चकरा माराव्या लागतात. हे सगळं मी आवाज काढून करून दाखवते. आणि मग जरा थांबून म्हणते, बायांनो, आपणसुद्धा हजेरीच्या वेळी भलत्याच ठिकाणी बसलेल्या असतो. पण आपलं नाव पुकारलं जातं तेव्हा कोणीतरी आपल्या जागी उभा राहून हजर म्हणतो आणि आपली शिक्षा स्वतः भोगतो. इथं नेहमी आमेन येतं. त्या दिवशी कमलीबाई डब्याच्या जागीच इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि ते देताना मला दारात हे दिसले. रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं होतं आणि रेशनकार्ड माझ्या पर्समध्ये राहिलं होतं, ते न्यायला आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी कार्ड काढून दिलं. नर्सबाई लाडात म्हणाल्या, "भाऊजी, आज सापडले तुमी! तुमचीच गोष्ट चालू हाय, डब्याची." हे हसले नाहीत. कार्ड खिशात घातलं आणि गेले.

ओट्यावर मी त्यांच्याजवळ बसले. दुसरी चप्पल कुठं टाकली ते आठवत नाही. म्हटलं, "मग हजरचं? तेही मनानंच?"  समोर घरमालक कस्तुरचंदजींच्या अंगणात अंगुरीबाई वाळवणाचे पापड उचलत होत्या, त्यांच्याकडे हे बघत राहिले. मग म्हणाले, "हजर म्हनला थे खरं हाय. चकरा मी टाकल्या." मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आणि तुकड्यातुकड्यात सांगितलं, मधे मधे बूट घासत. ती रोजची हजेरी नव्हतीच. पुढच्या ठाण्याकडची तार तुटली होती आणि ती जोडायला कोणी जायचं त्यांची नावं पुकारत होते. रीळ धरायला ह्यांचं नाव लागलं. हे खरंच शेतात बसले होते, डबा घेऊन, दोन दिवसांपासून पोट चालू होतं. दौलतसिंगचं त्या फेरीत नावच नव्हतं. तो हजर म्हणाला आणि रीळ खांद्यावर मारून निघाला. "मी परत आलो तं माही जागा रिकामी होती," हे म्हणाले. "लोकं म्हने, तू आत्ताच तं गेला. मी म्हनलं, मी इथी हाव ना. मंग समजलं." दुपारी त्याला आणलं. तारेचं रीळ त्याच्याबरोबर होतं, अर्धं संपलेलं. जानेवारीतलं ते पहिलं पत्र हेच होतं. लिहायला बसले तेव्हा त्यातलं डब्यापर्यंतचं लिहून झालं, हजरपर्यंतचं झालं, आणि पुढचं लिहवेना. "मंग चकरा लिवल्या," हे म्हणाले. "दहा चकरा. पत्र पुरं कराव लागे ना."

 मला माझाच आवाज ऐकू येत होता, मिशीवाल्या माणसाचा काढलेला, जाडा, खोटा आवाज. किती वेळा काढला होता मी तो? आणि लोक हसावेत म्हणून हजर शब्द किती लांबवला होता? चार वर्षं मी त्या माणसाला मैदानात पळवत होते, रायफल डोक्यावर धरायला लावून, आणि वर बायांना त्यातून तारण शिकवत होते. आणि खरी गोष्ट म्हणजे शिकवलेलं चुकीचं नव्हतं. हेच मला सहन होईना. खोटं बोलले असते तर क्षमा मागता आली असती. मी तर न कळत एकदम खरं बोलले होते, आणि ते विनोदी करून. हे उठले, बूट कोपऱ्यात नेऊन ठेवले, टाचा जुळवल्या, पॉलिशची डबी बंद करून खिडकीत ठेवली. म्हणाले, "चाय ठेव."

आठवडा तसाच गेला. पहाटे पाचला उठून अंथरुणाची घडी, घडीला कोपरे चार, चादरीवर एक सुरकुती नाही. जेवण, अंगण झाडणं, भाजी आणणं. ह्यांच्याविरुद्ध बोलायला कोणाला काही सापडायचं नाही. अंगुरीबाई मला म्हणाल्या, "तुमचं सालोमीबाई, लई भाग्य हाय. घरात माणूस हाय का नाही समजतच नाही, एवढा शांत." त्यांच्या घरात राहायचं तर अंडंही शिजवायचं नाही, हा नियम आमच्या ह्यांनी आल्या दिवशी ऐकला आणि फौजेचा हुकूम असावा तसा पाळला. पत्रात मात्र ते अंड्यांबद्दल इतकं गमतीचं लिहायचे की मी म्हटलं होतं, हा माणूस घरी आला की कस्तुरचंदजी आम्हाला घराबाहेर काढतील. मी वाट बघत होते की हे एकदा तरी अंड्यावरून काही बोलतील. शुक्रवारी रूथ पाठ करता करता मधेच म्हणाली, "आई, पत्रातले बाबा चांगले होते." मी तिच्यावर ओरडले. का ओरडले? ती माझ्याच मनातलं बोलली होती. मीही दहा महिने त्याच माणसाची वाट बघत होते, पत्रातल्या. एस.टी.तून उतरलेला हा दुसराच कोणी, ट्रंक घेऊन आलेला, पानात पडेल ते खाणारा, हसायच्या जागी माझ्याकडे बघणारा. आणि मला राग यायचा. मी इतकी वर्षं एकटीनं सगळं केलं, आता माझा गमत्या नवरा मला द्या ना परत. आता कळलं की तो गमत्या माणूस कधी माझा नवरा नव्हताच. तो दौलतसिंग होता. हे त्याला जिवंत ठेवत होते आणि मी त्याला मागत होते.

शनिवारी शाळा अर्धी होती. हे बाजारात गेल्यावर मी त्यांची ट्रंक उघडली. माझी सगळी पत्रं तिथं होती, तारखेनं लावलेली, सुतळीनं बांधलेली, कोपऱ्याला कोपरा. मी माझीच पत्रं वाचायला बसले. जानेवारी बाहत्तर. दौलतसिंगभाऊंना माझा नमस्कार सांगा. मार्च. दौलतसिंगभाऊंचं खेचराचं वाचून फार हसलो, अजून लिहा. ऑगस्ट. तुमच्या ह्या वेळच्या पत्रात दौलतसिंगभाऊ नव्हते, बायका हिरमुसल्या. ऑगस्टचं ते पत्र मी दोनदा वाचलं. म्हणजे एकदा ह्यांनी प्रयत्न केला होता. एका पत्रात त्याला येऊ दिलं नव्हतं, आणि मी त्याला परत आणवलं होतं, माझ्या सुंदर शिक्षकी अक्षरात. पाकिटावर मी ह्यांचं नाव इंग्रजीत लिहायचे, नंबर, हुद्दा, जगदेव खंडारे, द्वारा छप्पन्न ए.पी.ओ., हा फौजी टपालाचा पत्ता. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची आमच्यात अजून रीत नाही, बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या तरी नाही. लिहायला चालतं.

रविवारी हे उपासनेला निघाले नाहीत. मी रूथला एकटीला पाठवलं आणि घरी राहिले, माझ्या आठवणीत पहिल्यांदा. घंटा वाजली, गीत सुरू झालेलं लांबून ऐकू आलं. हे लसूण सोलत होते. प्रत्येक पाकळी सोलून ताटलीत रांगेत ठेवत होते. मी विचारलं, "कायले लिहीत होता हो तुमी?" घरी बोलताना माझंही वऱ्हाडीच येतं. "तू इचारत होती," हे म्हणाले. त्यात आरोप नव्हता, नुसतं कारण सांगितल्यासारखं होतं. मग थोड्या वेळानं म्हणाले, "अन् मलेबी बरं वाटे. पत्र लिवेलोक तो बाजूले बसला राहे. काय करन, काय बोलन, सगळं सुचे. पत्र डब्यात टाकलं का मंग गेला." मी म्हटलं, "मंग अथी आल्यावर?" "अथी पत्र कोनाले लिवू?" त्यांनी लसणाची साल फुंकरीनं उडवली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण दुसऱ्या हातानं पाकळ्या लावणं चालू ठेवलं. "मले पाळकसाहेब म्हने साक्ष द्या, फौजी भाऊ, मंडळीले प्रोत्साहन भेटन," ते म्हणाले. "मी काय साक्ष देऊ सालू? माह्या जाग्यावर तो गेला, अन् मी काय केलं? मी शेतात डबा घेऊन बसलो." आणि मग ते हसले. दहा महिन्यांत पहिल्यांदा हसले, आणि ते हसू ऐकून मला रडू आलं. मी रडले, तोंड न लपवता. ते उठून बाहेर ओट्यावर गेले आणि रूथ येईपर्यंत तिथंच उभे राहिले, हात मागं बांधून.

गुरुवारी मी जाणार नव्हते. तीन वाजेपर्यंत ठरलं होतं. मग वाटलं, मी नाही गेले तरी वही उघडली जाणारच, नाव वाचलं जाणारच. चार वाजता खोलीत पत्रा तापलेला होता, बायका पदरानं वारा घेत होत्या. गीत झालं. पंचफुलाबाई म्हणाल्या, "आज सालोमीबाई काय सांगतात?" मी म्हटलं, "आज काही नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि स्वतःच एक स्तोत्र वाचलं. मग वही उघडली. नर्सबाईंची आजारी सासू, परीक्षेला बसलेली दोन पोरं, मग पान उलटलं. "फौजेतले भाऊ. दौलतसिंग." मी म्हटलं, "ते नाहीत." पंचफुलाबाई म्हणाल्या, "नाहीत म्हन्जे? बदली झाली का?" मी सांगितलं. तार तुटली होती इथपासून अर्धं रीळ उरलं होतं इथपर्यंत. आवाज काढला नाही, हात हलवले नाहीत. किती वेळ लागला माहीत नाही, पण फार थोडा लागला असावा. गंमत काढून टाकली की ती गोष्ट अगदी लहान आहे.

 ड्रायव्हरच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. पंचफुलाबाई वहीकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "चार वर्सं! अवं बाई, मेलेल्या मानसासाठी आपल्यात प्रार्थना नसते ना वो. पाळकसाहेबाईले समजलं तं काय म्हनतीन?" त्यांचा चेहरा इतका घाबरलेला होता की मला त्याही वेळी हसू येऊ लागलं. दोनशेवर गुरुवार. आम्ही त्याच्या थंडीसाठी प्रार्थना केली होती, त्याच्या बढतीसाठी केली होती, त्याला चांगली बायको मिळावी म्हणूनही एकदा केली होती. धाकट्या नर्सबाई म्हणाल्या, "मंग थ्या सगळ्या प्रार्थना गेल्या कुठी?" पंचफुलाबाईंनी विचार केला. चाळीस वर्षं उन्हातान्हात वचन वाचत फिरलेली बाई, तिला उत्तर सापडल्याशिवाय राहवत नाही. "पत्ता तं दोघाईचा एकच होता ना?" त्या म्हणाल्या. "छप्पन्न काय म्हन्ते थे. मंग तिथी जो होता त्याले भेटल्या असतीन." मला बोलायचं होतं ते मी ह्यापुढे थांबवू शकले नाही. म्हटलं, "बाई, त्यांचं नाव काटा. अन् वर जे काटलं हाय थे परत लिवा." "कोनतं?" "वरचं." "मले आता आठोत नाही बापा, रेघ मारली तं वाचता येत नाही. कोनाचं होतं?" त्यांना आठवत होतं. त्या फक्त माझ्या तोंडून ऐकायला बघत होत्या, किंवा खरंच विसरल्या असतील. मी पाकिटावर लिहायचे तसं सांगितलं, नंबरासकट, हुद्द्यासकट. हवालदार जगदेव खंडारे. धाकट्या नर्सबाई खुदकन हसल्या, कारण मी नाव घेतलं होतं. पंचफुलाबाईंची पेन्सिल वहीवर थांबली. "पन थे तं घरी आले ना?"

मी म्हटलं, "नाही. अजून नाही आले."

त्यांनी मग पुढे विचारलं नाही. जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर दाबून त्यांनी नाव लिहिलं. दौलतसिंगच्या नावावर रेघ मारायला पट्टी घेतली, ठेवली, पुन्हा उचलली, आणि शेवटी पिशवीत टाकली. म्हणाल्या, पाळकसाहेबांना मी बघून घेईन. मग आमच्या रीतीप्रमाणं पान पुन्हा वरून वाचायला घेतलं. "फौजेतले भाऊ. जगदेव खंडारे." आता कोणीतरी प्रार्थनेला सुरुवात करायची असते. कोणी करेना. पत्र्यावर चिमण्यांचे पाय वाजत होते. त्या वेळी हे घरी ओट्यावर बसून बूट घासत असतील, किंवा ब्रश तसाच हातात धरून अंगुरीबाईंच्या अंगणाकडे बघत असतील. पंचफुलाबाईंनी चष्म्यावरून खोलीभर बघितलं आणि दुसऱ्यांदा वाचलं, जरा मोठ्यानं, "जगदेव खंडारे."

"हजर," मी म्हटलं. माझ्याच आवाजात म्हटलं.

कमलीबाई हसल्या. त्यांना बाकी काही ऐकू आलं नव्हतं, पण ती जागा त्यांना पाठ होती. मी त्यांना हसू दिलं.